एकोणीसचा दगड, सव्वीसचा दगड

अहो, तुमचा डोंगर फुटला.

तुमच्या लॅबच्या प्रोफेसरांचं पत्र आलं होतं. हॅनानं जिन्यातच फोडलं आणि वर येता येता वाचून दाखवलं. पंचवीस वर्षं गप्प बसलेला हवाईचा मौना लोआ जुलैच्या सुरुवातीला फुटला. तुमच्या मिस्टरांना हे कळायला हवं होतं असं वाटलं, म्हणून कळवतो. इतकंच पत्र. मी विचारलं, "किती दिवस चालला?"

"दिवस नाही, आई. वन डे पण नाही. रात्री सुरू झाला आणि दुसरा संध्याकाळी संपला."

तुम्हाला जाऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते. मी पीठ मळत होते, ते मळत राहिले. पाच आठवडे थांबायला काय हरकत होती, हे कोणाला विचारायचं, तुम्हाला की त्याला, ते मला कळेना.

तो डोंगर त्याआधी शेवटचा फुटला त्याच उन्हाळ्यात आपलं लग्न झालं होतं. इथं परदेशात आल्यावर पुस्तकात ते साल वाचून तुम्ही किती हसलात. "बघ, आपलं लग्न झालं आणि हा गप्प बसला. शहाणा आहे. नवऱ्यानं असंच असावं." मी म्हणाले होते, तुम्ही कुठं गप्प बसता? तर म्हणालात, "मी त्या शेजारच्या डोंगरासारखा. तो किलाउआ, सतत धुमसतो, सतत सांडतो, कोणी विचारो न विचारो. आणि तू मौना लोआ. पोटात सगळं, वर काही नाही." ती थट्टा होती. पण मी त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवली होती.

लॅबमधल्या तुमच्या टेबलावर हवाईच्या दगडांची पहिली पेटी आली तो दिवस मला आठवतो. बाहेर समुद्रावरचं धुकं इतकं दाटलं होतं की खिडकीतून समोरची आर्थर्स सीटची टेकडीसुद्धा दिसत नव्हती. घरी येऊन तुम्ही कोट न काढताच टेबलाशी बसलात आणि खिशातून त्या डोंगराचा फोटो काढलात. मी म्हणाले, "हा कसला डोंगर? डोंगराला टोक हवं. ही तर पालथी परात."

"परात नाही, ढाल म्हणतात. पालथी ढाल. आणि अर्ध्याहून जास्त समुद्राच्या आत आहे. तळापासून मोजलास तर जगात याच्याएवढे फार थोडे."

"मग टोक का नाही?"

तव्यावर घावन होतं. तुम्ही त्याच्याकडे बोट दाखवलंत. "पीठ घट्ट असतं तर? थापा झाला असता, गोळा. पीठ पातळ म्हणून पसरलं. याच्या पोटातलं पीठ पातळ आहे. बाहेर आलं की पसरतं, मैलोन् मैल पसरतं. निवलं की त्यावर दुसरं. घावनावर घावन, घावनावर घावन. लाखो वर्षं. म्हणून रुंद, म्हणून टोक नाही."

मी घावन उलटलं आणि विचारलं, "मग तवा वाकला नाही का?"

"काय?"

"एवढी घावनं एकाच तव्यावर. तवा खाली वाकला असेल."

तुम्ही माझ्याकडे बघतच राहिलात. मग म्हणालात, "वाकलाय. समुद्राचा तळ त्याच्या वजनानं खाली दबलाय. हे तुला कोणी सांगितलं?" मला कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी तुम्ही लॅबमध्ये सगळ्यांना सांगून आलात, की माझ्या बायकोनं असं असं विचारलं. मी आठ दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. लोकांत माझं नाव निघालं की मला अंगावरचा पदर ओढून घ्यावासा वाटतो, हे तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही सांगितलंत. आज त्याचा राग येत नाही. मी चौथी झालेली बाई, माझ्या बोलण्यात विचार करण्याजोगं काही असू शकतं, हे तुमच्याआधी कोणाला वाटलंच नव्हतं.

मग तुम्ही काम घरी आणायला लागलात. लॅबमध्ये थंडी असायची, आणि हातानं घासायचं काम आपल्या टेबलावर बरं व्हायचं. दगडाची छोटी चकती, खाली जाड काच, त्यावर पाणी आणि करकरीत पावडर, आणि गोल गोल घासत राहायचं. एक बाजू आरशासारखी सपाट झाली की राळ गरम करून तिला काचेच्या पट्टीवर चिकटवायचं. घरभर तो झाडासारखा वास. मग दुसऱ्या बाजूनं घासायचं, इतकं की दगड केसाहून पातळ होऊन त्यातून उजेड आरपार जातो. शेवटचे चार हात फार जपून. एक जास्त झाला की दगड संपतो, नुसती काच उरते.

तुमचे दोन फुटले तेव्हा मी म्हणाले, "द्या इकडे." पाट्यावर वाटण वाटून माझ्या बोटांना दाब कळत होता. तुम्ही बाजूला झालात. मी घासलं. तुम्ही पट्टी उजेडाला धरून बघितलीत. मग खोक्यातून सूक्ष्मदर्शक काढलात, त्याच्या दोन काळसर काचा फिरवल्यात आणि मला डोळा लावायला सांगितलंत.

कोळशासारखा दगड, आणि आत निळं, गुलाबी, पिवळं, हिरवं. काच फिरवली की रंग बदलत होते. मी बराच वेळ डोळा काढला नाही, कारण डोळ्यांतून पाणी येत होतं.

तेव्हापासून आठवड्यातले दोन-तीन दिवस आपण जेवणं आटोपून बसायचो. तुम्ही निवलेल्या लाव्ह्याचा एकेक दगड हातात घेऊन त्याची गोष्ट सांगायचात. हा अठराशे अडुसष्टचा, तेव्हा आधी भयंकर भूकंप झाला. हा एक्याऐंशीचा, गावाच्या वेशीपाशी येऊन थांबला. हा पन्नासचा, डोंगरावरून समुद्रापर्यंत काही तासांत पोचला, आपल्या लग्नाच्या सालचा. आणि हे दोन, एकोणीसशे एकोणीसचा आणि सव्वीसचा. दोन्ही डोंगराच्या एकाच अंगानं उतरले, दोन्ही समुद्रात गेले. सव्वीसच्या खाली काठावरचं एक गाव गेलं. माणसं वाचली, घरं गेली. तुम्ही म्हणाला होतात, "हे सगळे ओळीत लावले की डोंगराच्या पोटात काय बदलत गेलं ते कळतं. म्हणून साल चुकलं की सगळं चुकलं. मला बाकी काही येवो न येवो, माझ्या हातून लेबल चुकत नाही."

आता मला जे सांगायचं आहे ते सहा वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातलं आहे. मी हे तुम्हाला सहा वर्षं सांगितलं नाही.

शुक्रवार होता. इथल्या हिवाळ्यात शुक्रवार म्हणजे धावपळ. साडेतीनलाच दिवस मावळतो आणि त्याआधी शब्बाथचा दिवा लागायला हवा, मग शनिवार संपेपर्यंत काम नाही. तुम्हाला लवकर सुटता यायचं नाही, म्हणून दिवा मी एकटीच लावायची. त्या दिवशी मटण शिजायला वेळ लागला आणि टेबल आवरायचं राहून गेलं. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर दोन दगड, प्रत्येकाच्या खाली तुमच्या अक्षरातली चिठ्ठी. घासताना दगडावरची खूण निघून जाते, त्यामुळे तेवढ्यापुरती चिठ्ठी हीच त्याची ओळख, हे मला माहीत होतं. म्हणूनच मी हुशारी केली. दगडांना हात लावायचा नाही, सगळा कागद चारी कोपऱ्यांनी उचलून खिडकीत ठेवायचा.

कागद मधे ओला होता. फाटला. दोन्ही दगड खाली कोळशाच्या बादलीपाशी घरंगळले आणि चिठ्ठ्या कागदालाच चिकटून राहिल्या.

मी दगड उचलले. दोन्ही काळे, दोन्हींची एक बाजू सपाट. समोर आर्थर्स सीटच्या मागचा उजेड जात होता. एकदा दिवा लावला की मग कामाच्या वस्तूंना हात लावायचा नाही. मी दोन्ही तळहातावर घेऊन बघितले. एक जरा जड वाटला. तो एकोणीसचा, असं मी ठरवलं. कशावरून ठरवलं, ते आजही सांगता येणार नाही. चिठ्ठ्या पुसून खिडकीत मांडल्या, त्यांच्यावर दगड ठेवले, टेबलावर पांढरी चादर घातली आणि दिवा लावला. डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हणताना मनात तेच, बरोबर ठेवले असतील ना?

संध्याकाळी तुम्ही आलात तेव्हा सांगणार होते. तुम्ही खुशीत होतात. हॅनाचे हात धरून नाचत होतात. म्हटलं, रविवारी सांगेन. रविवारी तुम्ही दोन्ही चिकटवून मोकळे झालात.

वसंतात तुम्ही एक दिवस घरी आलात ते चेहरा उतरवूनच. अमेरिकेतल्या लोकांनी त्याच दोन प्रवाहांचं जे वर्णन लिहिलं होतं, ते आपल्या पट्ट्यांशी जुळत नव्हतं. एकोणीसच्यात जे असायला हवं ते सव्वीसच्यात, आणि सव्वीसचं एकोणीसच्यात. प्रोफेसर काही रागावले नव्हते. त्यांनी नुसतं विचारलं होतं, लेबलं बदलली असतील का? आणि तुम्ही म्हणाला होतात, शक्य नाही.

चहा घेऊन तुम्ही बराच वेळ खिडकीकडे बघत बसलात. मग मान न वळवता मला विचारलंत, "तू काही हलवलं होतंस का?"

मी म्हणाले, "नाही."

तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. त्या 'नाही'वर तुम्ही सगळं उभं केलंत. दुसऱ्या दिवशी जाऊन छातीठोकपणे सांगितलंत की माझी लेबलं बरोबर आहेत, पुस्तक चुकलं असेल. आणि मग हवाईची पेटी तुमच्या टेबलावर परत आली नाही. ती दुसऱ्या माणसाकडे गेली. तुमच्याकडे इथल्याच खाणींतले दगड यायला लागले, आणि त्यांचीही लेबलं आणखी एक जण तपासायचा. तुम्ही मला हे सांगितलं नाहीत. मला ते तुमच्या कोट काढण्यावरून कळलं. पूर्वी तो खुर्चीवर फेकायचात, आता खुंटीला नीट टांगून ठेवायला लागलात.

मी का खोटं बोलले, हे मी फार दिवस स्वतःलाही सांगितलं नव्हतं. तुमच्या रागाची भीती नव्हती, तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत. भीती ही, की तुम्ही दगड घरी आणायचं बंद कराल. त्या टेबलाशी बसले की मला कोणाशी इंग्रजी बोलावं लागत नव्हतं, कोणापुढे यावं लागत नव्हतं, आणि तरी माझ्या हातून काही होत होतं. ते जाऊ नये म्हणून मी नाही म्हणाले. आणि त्या नाहीनंच ते गेलं.

तरी तुम्ही त्या डोंगराला सोडलं नाहीत. लायब्ररीत जाऊन त्याचं वाचायचात आणि येऊन सांगायचात. आग जागच्या जागी असते, म्हणालात, वरची जमीन सरकते, असं आता म्हणायला लागलेत. म्हणून तिथं बेटांची रांग. आगीवरचं बेट वाढतं, आगीवरून सरकलं की थंड होतं, झिजतं, शेवटी पाण्याखाली जातं. मी विचारलं होतं, "आणि आपण?" "आपण काय बेट आहोत?" म्हणून तुम्ही हसलात. मला मागे राहिलेल्या आपल्या रेवदंड्याची आठवण झाली होती.

गेल्या वर्षी त्याच्या पोटात हादरे वाढल्याचं कळलं तेव्हा तुम्ही लहान मुलासारखे झालात. "उठतोय गं. बघ, उठतोय." हॅना म्हणाली, "बाबा, तुमचं डोंगर पेन्शन घेतला होता ना?" तुम्ही तिचं मराठी सुधारायचंही विसरलात.

आणि मग हॉस्पिटल. तीन दिवस मिळाले होते मला. दुसऱ्या दिवशी तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "त्या सव्वीसच्या दगडाचं काय झालं असेल गं? लेबल माझं बरोबरच होतं." मी उशी नीट केली. पाणी हवं का विचारलं. तिसरा दिवस हॅनाच्या आणि डॉक्टरांच्या बोलण्यात गेला, आणि मग बोलण्यासारखं काही राहिलं नाही.

सुतकाचे सात दिवस मी जमिनीवर बसले. इथल्या यहुदी देवळातली माणसं रोज आली, प्रार्थनेला लागतात ती दहा पुरी झाली, गेलेल्यासाठीचं कद्दीश म्हटलं गेलं. आपल्या चालीवर म्हणणारं कोणी नव्हतं, पण म्हटलं. जिना धुण्याची पाळी आपली होती. दाराच्या मुठीला पाळीची पाटी लागली होती, ती समोरच्या बाईनं गुपचूप काढून नेली आणि जिना धुतला. महिन्यानं कबरीवर गेलो. आपल्या गावी सब्जाची डहाळी ठेवायचे, इथली माणसं दगड ठेवतात, येऊन गेल्याची खूण म्हणून. प्रत्येकानं एकेक खडा ठेवला. हॅनानं माझ्या हातात एक दिला. मी तो मुठीत धरून उभी राहिले. तुमच्या नावापाशी दगड ठेवायला माझा हात धजेना. ज्या हातानं एकदा दगड चुकीच्या जागी ठेवले, तोच हात. मी खडा खिशात घालून परत आले. "आई, तू विसरला," हॅना बसमध्ये म्हणाली. मी हो म्हणाले.

मग हे पत्र आलं. पत्र दोन दिवस टेबलावर पडून होतं. तिसऱ्या दिवशी मी तुमची आवडती निळी साडी नेसले, वरून कोट घातला आणि हॅनाला म्हणाले, मला बाबांच्या लॅबपर्यंत सोड. बारा वर्षांत मी त्या दारातून आत गेले नव्हते. तुम्ही किती वेळा बोलावलंत. हॅना आत यायला निघाली, तिला मी बाहेरच थांबवलं. जे बोलायचं ते मला दुसऱ्याच्या तोंडून बोलायचं नव्हतं.

प्रोफेसर आता म्हातारे झाले आहेत. त्यांनी खुर्ची दिली, तुमच्याबद्दल चांगलं बोलले. मी त्यांना मध्येच थांबवलं. आयुष्यात मी कोणाला मध्येच थांबवलं नव्हतं. मोडक्या इंग्रजीत सांगितलं. शुक्रवार. पेपर ओला. दोन दगड पडले. मी ठेवले. माझ्या नवऱ्यानं नाही, मी. त्यानं विचारलं, मी नाही म्हणाले.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग उठून एका कपाटातला खण ओढला. त्यात आपल्या पट्ट्या होत्या, अहो, ओळीनं. अडुसष्ट, एक्याऐंशी, सगळ्या. तुमचं अक्षर. एकोणीस आणि सव्वीस या दोन नावांपुढे लाल शाईत प्रश्नचिन्ह. सहा वर्षं ते तिथं होतं. त्यांनी एक पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली लावली, बघितली, मग दुसरी.

"तो मला सांगत होता," ते म्हणाले. "लेबलं बरोबर आहेत म्हणून दर वर्षी एकदा तरी सांगायचा. मी मूळ दगडांचा दुसरा तुकडा कापायला लावायला हवा होता. मीही लावला नाही."

मी म्हणाले, ते चिन्ह काढा.

त्यांनी ब्लेडनं ते खरवडलं. खाली कागदाचा पांढरा डाग राहिला, तो जाणार नाही. मग नव्या दोन चिठ्ठ्या कापल्या आणि पेन माझ्यापुढे केलं. आकडे मला येतात. एकोणीसच्या जागी सव्वीस आणि सव्वीसच्या जागी एकोणीस, असे सावकाश लिहिले. चिठ्ठ्या त्यांनी चिकटवल्या. तुमच्या जुन्या दोन चिठ्ठ्या मी मागून घेतल्या, त्या मी हे लिहिते आहे त्याच वहीत आहेत. नव्या उद्रेकाचे दगड आले तर कळवीन, ते म्हणाले. मी मान हलवली. ते मला बघायचे आहेत की नाही, अजून ठरवलेलं नाही.

तुमचं नाव धुऊन निघालं, असं मी म्हणणार नाही. ते आता एका खणात बरोबर आहे, आणि ते ज्यांनी बघायला हवं होतं ते नाहीत. तुम्ही गेलात ते मनात एक दगड घेऊन, आणि तो तिथं मी ठेवला होता.

काल मी एकटी बसनं कबरीवर गेले. वारा होता. खिशात तो खडा होताच. तो तुमच्या नावाच्या वर ठेवला आणि हात काढला. आणि मग तुम्ही जे खिडकीकडे बघत विचारलं होतंत, त्याचं उत्तर दिलं. आपल्या भाषेत, मोठ्यानं, पलीकडे दोन माणसं उभी होती तरी.

हो. मी हलवलं होतं.